लोककलावंतांचं मानधन, शिष्यवृत्त्या, पुरस्कार: अर्ज नेमका कुठे अडतो?

फडावरचा (धागाकर्ता)

मानधनाचे अर्ज भरायचे दिवस आले की तमाशा, गोंधळ, भारूड, कलगीतुरा, शाहिरी करणाऱ्यांची दाखल्यांसाठी पळापळ सुरू होते. तिथे कलेबद्दल फारसं कुणी विचारत नाही, विचारतात ते वर्षांबद्दल. रात्ररात्र ढोलकी वाजवलेल्या माणसाकडे ती रात्र झाली होती असं सांगणारा कागद नसतो आणि अर्ज तिथेच पडून राहतो. म्हणून हा धागा. ज्याला जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहा, ही विनंती.

सुरुवात राज्याच्या मानधनापासून करतो. १९५४-५५ पासून चालत आलेली वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन योजना मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने 'राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना' झाली. आधी राष्ट्रीय, राज्य, स्थानिक अशा अ, ब, क श्रेण्या होत्या आणि महिन्याला ३१५०, २७००, २२५० रुपये मिळायचे. आता श्रेण्या गेल्या, सगळ्यांना सरसकट ५००० रुपये. वय किमान ५० (दिव्यांगांना ४०), महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य, कलेत किमान १५ वर्षं काम, सर्व मार्गांनी मिळून वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, आणि सरकारची दुसरी नियमित पेन्शन नको. एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांचीच निवड होते, त्यामुळे पात्र असूनही नाव राहू शकतं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, खचायचं नाही.

आता मुख्य अडचण, पुराव्याची. जत्रेची पत्रिका हातात घेऊन बघा. वर ग्रामदैवताचं चित्र, खाली 'मिती चैत्र वद्य अष्टमी, वार बुधवार, रात्रौ ठीक ९ वाजता लोकनाट्य तमाशा', त्याखाली फडाचं नाव आणि 'आपले नम्र: समस्त ग्रामस्थ'. साल कुठेच नाही. गावाला सालाची गरज नव्हती, जत्रा त्याच आठवड्यात होती. पण छाननी करणाऱ्याच्या लेखी असा कागद कोरा.

यावर उपाय आहे. तिथी आणि वार दोन्ही छापलेले असतील तर जुनी पंचांगं काढा. एकच तिथी त्याच वारी साधारण सातातल्या एखाद्या वर्षी येते, म्हणजे पंचवीस वर्षांत तीन-चार सालं उरतात. पत्रिकेवर सरपंचाचं नाव असतं, कधी आमदाराचं असतं, फोन नंबर जुना सहा आकडी की दहा आकडी मोबाइल हेही दिसतं. त्यावरून एक साल ठरतं. मग त्या पंचांगाच्या पानाची प्रत पत्रिकेला जोडायची आणि ग्रामपंचायतीकडून साल लिहिलेला दाखला घ्यायचा. दोन्ही एकत्र असले की बोट ठेवायला जागा राहत नाही.

---

कारकुनी

धागा फार गरजेचा. छाननीच्या टेबलावर काय होतं ते लिहितो.

अर्ज आता महाकलासन्मान संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. लागतात ते कागद असे: आधार, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पती-पत्नीचा एकत्र फोटो, बँकेचा तपशील, असल्यास दिव्यांग प्रमाणपत्र, पुरस्काराची प्रमाणपत्रं, शिफारसपत्र आणि कलेचे पुरावे.

पुरावे किती जोडायचे यात बहुतेकांचं चुकतं. एकाच वर्षाची चाळीस कात्रणं जोडून उपयोग नाही. पंधरा वर्षं दाखवायची आहेत, तर दर वर्षाचा एक चांगला कागद घ्या, वर दोन-तीन जास्तीचे ठेवा. जुन्यापासून नव्याकडे लावा, प्रत्येकावर कोपऱ्यात क्रमांक घाला आणि सुरुवातीला एक पान जोडा: क्रमांक, साल, गाव, कार्यक्रम, कागदाचा प्रकार. छाननी करणाऱ्यापुढे अर्जांचा ढीग असतो. पहिल्या पानावर पंधरा सालं ओळीने दिसली की त्याचं काम सोपं होतं.

वर्तमानपत्राचं कात्रण बातमीपुरतं कापू नका. वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख असलेली वरची पट्टी त्याच पानावर दिसली पाहिजे. आधीच कापून ठेवलेलं असेल तर जिल्हा ग्रंथालयात किंवा मोठ्या सार्वजनिक वाचनालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतात. तिथून पूर्ण पानाची प्रत काढून ग्रंथपालांचा शिक्का घ्या.

सगळ्यांत वजनदार कागद म्हणजे आकाशवाणीचं करारपत्र. नाव, तारीख, कार्यक्रम, मानधन सगळं एका पानावर आणि सरकारी. सांगली, रत्नागिरी, जळगाव अशा केंद्रांवर लोकसंगीत गायलेल्या कितीतरी जणांच्या ट्रंकेत ही पत्रं पडून आहेत. आधी ती शोधा.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल: तलाठ्याच्या चौकशी अहवालावर तो निघतो. शिधापत्रिका एकत्र असली तर कमावत्या मुलाचं उत्पन्न त्यात धरलं जातं आणि आकडा ६०,००० च्या वर जातो. मुलगा खरोखर वेगळा राहत असेल तर शिधापत्रिका आधी विभक्त करून घ्या, त्याला वेळ लागतो. खोटा आकडा घालून दाखला काढू नका, पुढे पडताळणीत मानधन बंद होतं आणि वसुलीही लागते.

---

मृदंगमणी

दक्षिण कोकणातून लिहितो. दशावतारात आमचं दुखणं थोडं वेगळं आहे. हँडबिलावर राजा, स्त्रीपार्टी, खलनायक यांची नावं ठळक असतात. हार्मोनियमला, पखवाजाला, झांजेला कोण आहे ते बहुधा 'संगीतसाथ' एवढ्यावर भागतं. वीस वर्षं झांज धरलेल्या माणसाचं नाव एकाही कागदावर सापडत नाही.

यासाठी कंपनीच्या मालकांनी दर हंगामाच्या सुरुवातीला लेटरहेडवर संचाची यादी करून ठेवावी: पूर्ण नाव आधारप्रमाणे, काम, हंगाम. खाली मालकाची सही आणि तारीख. हंगाम कार्तिकात सुरू होतो, तेव्हाच एकदा हे केलं तर पंधरा वर्षांनी पंधरा याद्या तयार असतील. आज तरुण असलेल्यांनी तरी हे आजपासून सुरू करावं.

आणि देवस्थानांनी नाइटची, म्हणजे रात्रीच्या प्रयोगाची, पावती देताना फक्त कंपनीचं नाव न लिहिता मागच्या बाजूला संचातली नावं लिहून शिक्का मारला, तर त्याच पावतीचा पुरावा होतो. देवस्थान कमिटीला पाच मिनिटांचं काम आहे.

सीमेलगतच्या लोकांसाठी: पेडणे, सत्तरी भागातल्या कलाकारांनी महाराष्ट्राच्या योजनेत वेळ घालवू नये, रहिवासाच्या अटीत ते बसत नाहीत. गोव्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयाची 'कला सन्मान' योजना त्यांच्यासाठी आहे. बेळगाव, कारवारकडच्या मराठी कलाकारांना कर्नाटकाच्या कन्नड आणि संस्कृती खात्याचं मासिक मानधन आहे.

---

गवळण

मालकाच्या पत्रावर काम भागेल असं वाटत असेल तर सांगते, एकट्या पत्रावर भागत नाही. आज लिहून आज सही केलेलं 'सदर कलाकार गेली २५ वर्षे आमच्या फडात काम करीत आहेत' हे पत्र कुणीही कुणालाही देऊ शकतं, त्यामुळे त्याला आधार लागतो.

तमाशात तो आधार उचलीच्या वहीत असतो. हंगामाआधी कलाकार उचल घेतो तेव्हा वहीत नाव, रक्कम, तारीख आणि सही किंवा अंगठा असतो. त्या पानाची प्रत काढा, मालकाच्या पत्राला जोडा. बाकीच्यांच्या रकमा झाकल्या तरी चालतं, तुमची ओळ दिसली पाहिजे. बऱ्याच फडांनी जुन्या वह्या पावसाळ्यात फेकून दिल्या. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कृपा करून जपून ठेवाव्यात. त्या वह्यांत माणसांचं पूर्ण आयुष्य आहे.

दुसरं, बायकांच्या नावांचं. तमाशात आणि संगीतबारीत गावावरून आडनाव घ्यायची रीत आहे: सातारकर, नगरकर, पुणेकर. पोस्टरवर ते नाव, आधारवर वडिलांचं किंवा आईचं, बँकेत तिसरंच. पंधरा वर्षांचे पुरावे असले तरी ते 'दुसऱ्या बाईचे' ठरतात. ही एका माणसाचीच दोन नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र करून पुराव्यांच्या अगदी वर लावा. त्यात दोन्ही नावं अक्षर न् अक्षर तशीच लिहा जशी त्या त्या कागदावर आहेत. 'बाई' एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तर तसंच लिहा.

---

कारकुनी

गवळणताईंशी पूर्ण सहमत. नाव जुळवायला लोक घाईने आधार बदलायला जातात, तिथे सावध राहा. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. आधारवर १ जानेवारी ही अंदाजाची जन्मतारीख पडलेले हजारो आहेत. शाळेचा दाखला असेल तर ती एकमेव संधी त्याच्या आधारेच वापरा. पोस्टरवरचं नाव आधारवर चढवायची गरज नाही. उलट आधार, बँक आणि अर्ज यांतलं नाव एक ठेवा आणि पोस्टरचं नाव प्रतिज्ञापत्राने जोडा.

---

पोतराज_नव्हे_पोवाडा

मंजुरी झाली, यादीत नाव आलं, तरी पैसे जमा होत नाहीत, ही तक्रार बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. यात काय बघायचं?

---

कारकुनी

तीन गोष्टी. रक्कम थेट लाभ हस्तांतरणाने येत असेल तर ती अर्जातल्या खात्यात येईलच असं नाही, आधारशी शेवटचं जोडलेलं खातं कोणतं त्यावर ते ठरतं. मध्यंतरी दुसऱ्या कुठल्या योजनेसाठी नवं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे गेलेले असतात. बँकेत जाऊन आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे ते विचारा.

दुसरं, दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. केवायसीचे कागद देऊन ते चालू करून घ्या.

तिसरं, दरवर्षीचा हयातीचा दाखला. तो राहिला की मानधन थांबतं, आणि कळतं तीन-चार महिन्यांनी.

कलाकार वारल्यावर मानधन पती किंवा पत्नीला पुढे चालू होतं. एकत्र फोटो मागतात तो याचसाठी, त्यामुळे जुना लग्नातला फोटो चिकटवू नका, आजचा काढा. मृत्यू झाल्यावर लगेच कळवून मृत्युदाखला द्या. मधल्या काळात खात्यातून काढलेली रक्कम परत मागतात आणि वारसाचं प्रकरणही तेवढं लांबतं.

---

झाडीचा_राजा

ज्येष्ठांचं बरंच झालं, तरुणांचं लिहितो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडसा भागातल्या नाटक कंपन्यांत विशीतली बरीच पोरं आहेत, त्यांना यातलं काही सांगितलंच जात नाही.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या शिष्यवृत्त्या दिल्लीतलं सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, बघतं. १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे, देशात ६५०. त्यातल्या १२५ पारंपरिक कला करणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी राखीव आहेत. गोंधळी, वासुदेव, चित्रकथी, दशावतारी घरांनी ही राखीव जागा सोडू नये. दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि ते विसरल्यामुळे शिष्यवृत्ती बंद पडते.

१८ ते २५ साठी तरुण कलावंत शिष्यवृत्ती: महिना ५००० रुपये, दोन वर्षं, देशात ४००. गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. लोककलेत गुरू बहुधा बाप किंवा काका असतो. ते चालतं, पण प्रमाणपत्रात 'माझा मुलगा' एवढं लिहून भागत नाही. काय शिकवलं ते लिहा: कोणती आख्यानं, कोणते ताल, कोणत्या चाली, कोणत्या सालापासून. निवडीला प्रत्यक्ष सादरीकरण असतं. वेळ थोडा मिळतो, त्यात नमन आणि लांबलचक आलाप करत बसलात तर मुख्य भाग येण्याआधीच थांबवतात. आठ-दहा मिनिटांचा नेमका तुकडा आधीच बसवून ठेवा आणि तीन मिनिटांत थांबवलं तरी कस दिसेल असा क्रम लावा.

२५ ते ४० वयाला कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (फेलोशिप), महिना १०,०००. ४० च्या वर ज्येष्ठ, महिना २०,०००. दोन्ही दोन वर्षांच्या, प्रत्येकी २००. पैसे सहामाही हप्त्यांनी येतात आणि पुढचा हप्ता अहवालावर अवलंबून असतो. इथे कला दाखवून काम होत नाही, प्रकल्प लिहावा लागतो. 'खडी गंमत (विदर्भातली लोककला) लोप पावत आहे, तिचे जतन करायचे आहे' हे वाक्य पहिल्या ओळीत असलेले अर्ज ढिगाने असतात. त्याऐवजी २४ महिन्यांचे चार भाग पाडा. पहिल्या सहा महिन्यांत कोणत्या तालुक्यांतली किती गावं, किती शाहिरांच्या मुलाखती, किती तासांचं ध्वनिमुद्रण. दुसऱ्यात लिप्यंतर आणि चालींची नोंद. तिसऱ्यात नव्या पोरांकडून बसवून घेणं. चौथ्यात हस्तलिखित आणि प्रयोग. तेवढंच लिहा जेवढं खरोखर होईल. साठ गावं लिहून बारा केलीत तर दुसऱ्या अहवालात पकडले जाल.

---

मृदंगमणी

यात एक भर. इंग्रजीच्या भीतीने मागे राहणाऱ्यांसाठी: बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही खासगी संस्था १९९५ पासून संशोधन आणि प्रयोगासाठी अनुदान देते आणि कोणत्याही भारतीय भाषेतला प्रस्ताव घेते. मराठीत लिहा. आपल्या भाषेत आपलं काम जास्त नेमकं मांडता येतं.

नागपूरचं दक्षिण मध्य आणि उदयपूरचं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, दोन्हींत महाराष्ट्र येतो. त्यांच्या गुरु-शिष्य योजनेत गुरूला महिना ७५००, साथीदाराला ३७५० आणि शिष्याला १५०० मिळतात. लोप पावत चाललेल्या वादनप्रकारांना ही फार उपयोगी आहे, कारण यात साथीदाराचीही गणना होते. हजेरीपट रोजच्या रोज भरा, एका बैठकीत महिन्याच्या सह्या केल्या की शाई आणि हात दोन्ही ओळखू येतात.

---

हिशेबी

संस्थांच्या अनुदानाकडे येतो, कारण सगळ्यांत जास्त पैसा तिथे आहे आणि सगळ्यांत जास्त प्रकरणंही तिथेच कुजतात.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत (वरच्या क्षेत्रीय केंद्रांच्या योजनेहून ही वेगळी), जिला पूर्वी रेपर्टरी अनुदान म्हणत, गुरूला महिना १५,००० आणि प्रौढ शिष्याला १०,००० पर्यंत मिळतात. नाटकाला एक गुरू व १८ शिष्यांपर्यंत, संगीत-नृत्याला १० पर्यंत. पण व्यक्तीला नाही, नोंदणीकृत संस्थेलाच. संस्थेच्या नावाचं पॅन, दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी संकेतस्थळावरची नोंद, पीएफएमएसवर (सरकारी पैसे वाटपाची ऑनलाइन प्रणाली) जोडलेलं खातं आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब तयार ठेवा.

खरी अडचण मात्र धर्मादाय कार्यालयात असते. संस्था ९० च्या दशकात नोंदवली, सात जणांची नावं परिशिष्ट १ वर (संस्थेच्या नोंदीचा उतारा) चढली, त्यातले तिघे वारले, दोघे मुंबईला गेले, नवे पदाधिकारी आले आणि चेंज रिपोर्ट (बदल कळवणारा अर्ज) कुणी दाखल केलाच नाही. कायद्याने तो बदलानंतर ९० दिवसांत द्यायचा असतो. अनुदानाच्या अर्जावर आजच्या अध्यक्षांची सही आणि परिशिष्टावर वारलेल्या अध्यक्षांचं नाव, असं झालं की अर्ज परत. उशिराचा चेंज रिपोर्ट विलंबमाफीच्या अर्जासह दाखल होतो, पण निकाली निघायला महिने लागतात. म्हणून जाहिरातीची वाट बघू नका. आज परिशिष्ट १ ची प्रत काढा आणि त्यावरची नावं वाचा.

दुसरी चूक उपयोगिता प्रमाणपत्राची, म्हणजे पैसा मंजूर कामालाच खर्च झाला या दाखल्याची. अनुदान प्रकाशयोजनेसाठी मंजूर झालं आणि तातडीची गरज म्हणून त्यातून टेम्पोचं भाडं दिलं, तर काम खरं असूनही प्रमाणपत्र अडतं आणि पुढचा हप्ता थांबतो. मंजुरीपत्रातल्या शीर्षांप्रमाणेच वहीत रकाने पाडा. कलाकाराची बिदागी रोखीने देऊ नका, खात्यावर द्या. तीच नोंद उद्या त्या कलाकाराच्या पंधरा वर्षांच्या पुराव्यातही येते.

---

गवळण

हिशेबीदादांचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा. संस्थेचा हिशेब आणि कलाकाराचा पुरावा एकाच कागदात होतो.

आता पुरस्कारांचं. यात दोन जाती आहेत: ज्यासाठी स्वतः अर्ज करता येतो आणि ज्यासाठी दुसऱ्याने नाव सुचवावं लागतं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१ लाख रुपये आणि ताम्रपत्र) व ४० पर्यंतच्या कलाकारांचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार (२५,००० रुपये) दुसऱ्या जातीतले. युवा पुरस्कार २००६ पासून आहे, त्यात लोककलाही येतात, पण आपल्याकडून नावं सुचवणारं कुणी पुढे होत नाही.

पद्म पुरस्काराला मात्र कुणीही कुणाचंही नाव सुचवू शकतं, स्वतःचंसुद्धा. ऑनलाइन भरायचं, ८०० शब्दांपर्यंत कार्याचं वर्णन. रोख रक्कम नसते. पिंगुळीचे कळसूत्री आणि चित्रकथीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये, झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आडगावचं काम दिल्लीत दिसतच नाही असं समजू नये. त्या ८०० शब्दांत विशेषणं घालू नका. किती वर्षं, किती प्रयोग, किती शिष्य, कोणती आख्यानं वाचवली, ते लिहा.

राज्याचा तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने आहे. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला होता आणि तरीही २००२ मध्ये त्या हलाखीत गेल्या. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संस्थांनी शाल-श्रीफळाचे नवे पुरस्कार काढण्यापेक्षा त्याच पैशात तालुक्याला एक माणूस बसवावा, जो पन्नाशीच्या कलाकारांचे अर्ज भरून देईल.

---

फडावरचा

गवळणताई, त्या मताला एक जोड देतो. स्थानिक पुरस्कार अगदीच निरुपयोगी नसतात. प्रमाणपत्रावर पूर्ण नाव, कलाप्रकार, तारीख, संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि सही-शिक्का असेल तर तो एका सालाचा पुरावा होतो. सन्मानचिन्हावर नुसतं 'कलारत्न' कोरून दिलं तर त्याचा फोटो जोडून काही सिद्ध होत नाही. पुरस्कार देणाऱ्यांनी एवढं तरी करावं.

---

पोतराज_नव्हे_पोवाडा

एक शेवटचं. वय ४८ आहे, पुरावे अकरा वर्षांचेच आहेत, मधली सालं सापडत नाहीत. अशाने आता काय करायचं?

---

कारकुनी

दोन वर्षं हातात आहेत, ती पुरतात. मधली सालं ज्या गावांत गेली त्या गावांची यादी करा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जत्रा कमिटीचा हिशेब किंवा ग्रामसभेचा ठराव मागा, त्यात 'तमाशाची सुपारी' किंवा 'भारुडाची बिदागी' अशी नोंद बहुधा असते. पोलीस ठाण्याच्या ध्वनिक्षेपक परवानगीवरही फडाचं नाव आणि तारीख असते, तिची प्रत जत्रा कमिटीच्या फायलीत बघा. वगाची किंवा नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांचं सेन्सॉर बोर्ड) गेली असेल तर त्या प्रमाणपत्रावरही साल मिळतं.

ज्यांच्यासोबत त्या वर्षांत काम केलं आणि ज्यांना आधीच मानधन मिळतं, त्यांच्या फायलींत तुमच्याच कार्यक्रमांच्या पत्रिका लागलेल्या असतील. त्यांच्याकडून प्रती मागून घ्या. आणि गावात जाल तेव्हा दाखल्याचा मजकूर लिहून न्या, ग्रामसेवकाला फक्त तपासून सही करायची राहील असा. त्यात साल अंकात आणि अक्षरात, दोन्ही लिहा.